१० मीटर एअर रायफल : ग्रुप फुटतोय, शॉट खाली जातायत? रेग्युलेटर उघडण्याआधी हे तपासा

पाऊस सुरू झाला की ठाणे-नवी मुंबईच्या रेंजवर एक वाक्य हमखास कानावर पडतं : "रायफल गेली वाटतं." मे महिन्यापर्यंत १०.५ गुणांच्या आसपास बसणारे शॉट ९.८ वर येतात, ग्रुप (शॉटचा पुंजका) पसरतो, आणि निदानही ठरलेलं असतं : रेग्युलेटर, म्हणजे हवेचा दाब आवरणारा भाग. मग पालक हजारोंचा खर्च मनात धरून रायफल दुरुस्तीला पाठवायची तयारी करतात. खरं तर बहुतेक वेळा रेग्युलेटर ठणठणीत असतो. दोष निघतो तो पेलेटच्या (शिशाच्या छोट्या गोळ्यांच्या) डब्यात, सैल पडलेल्या स्क्रूत किंवा हवा भरायच्या पंपातून आत गेलेल्या पाण्यात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा प्रकार.

खालचं सगळं हवेचा सिलिंडर असलेल्या मॅच (स्पर्धेच्या) रायफलींना लागू आहे : फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, स्टायर, आन्शुट्झ आणि त्यांच्या जातकुळीतल्या. स्प्रिंगच्या रायफलीचं दुखणं वेगळं असतं, तिला इथले अर्धे उपाय चालणार नाहीत.

आधी लक्षण नीट बघा

टार्गेट फेकून देऊ नका. कुठल्या आकारात बिघडलंय त्यावरून अर्धं निदान होतं.

- शॉट एकाखाली एक उतरत जातात, उभी रांग दिसते : हवा कमी किंवा वेग घसरतोय.
- ग्रुप गोलच आहे पण मोठा झालाय : पेलेट, बॅरल (नळी) किंवा ब्रीचचं (नळीच्या मागच्या, पेलेट भरायच्या तोंडाचं) सील.
- आठ शॉट एका भोकात, दोन भलतीकडे : वाकडे पेलेट, सैल स्क्रू, किंवा स्वतः नेमबाज.
- ग्रुप घट्ट, पण आख्खा सरकलाय : साइट (नेम धरायचं साधन) किंवा साइटची रेल.
- थोडा वेळ थांबून मारलेला पहिला शॉट वर, पुढचे जागेवर : इथे मात्र रेग्युलेटरचा संशय खरा.
- रात्री १९० बार (बार हे हवेच्या दाबाचं माप) ठेवलेला सिलिंडर सकाळी १५० : गळती.
- शॉटच्या क्षणी गालावर बारीक फुंकर : ब्रीचचं सील.

वेग घसरला तर शॉट किती खाली जातो याचा हिशेब एकदा करून ठेवावा. मॅच पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमचं. ते १७२ मीटर प्रति सेकंदाने निघालं तर १० मीटर जाईपर्यंत सुमारे साडेसोळा मिलिमीटर खाली येतं. वेग १६५ झाला तर १८ मिलिमीटर. फरक दीड मिलिमीटरचा, तोही हवेचा अडथळा न धरता. या टार्गेटवर गुणाचा एक दशांश म्हणजे पाव मिलिमीटर, त्यामुळे दीड मिलिमीटरला पाच-सहा दशांश जातात. साठ शॉटला गुणा. कानाला आवाज तोच वाटतो, हाताला रायफल तीच वाटते, आणि तीस गुण गायब.

काही करण्याआधी

नळी टार्गेटच्या दिशेलाच. लोडिंग लिव्हर उघडी, चेंबर रिकामा, सेफ्टी फ्लॅग बॅरलमधून आरपार. स्क्रू, स्टॉक (रायफलीचा दस्ता) किंवा सील यांना हात लावायचा असेल तर सिलिंडर काढून ठेवा, नळी टार्गेटकडे धरून एकदोनदा ट्रिगर दाबा आणि रायफलीत उरलेली हवा सोडा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पेलेटही नवे, स्क्रूही आवळले, बॅरलही साफ केलं आणि ग्रुप सुधारला, तर नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही. महिनाभराने तोच प्रश्न पुन्हा दारात उभा.

१. रायफल की नेमबाज?

ही तपासणी फुकट आहे, म्हणून पहिली. रायफल टेकून मारायची. जुन्या जीन्सचा पाय गुडघ्यापासून कापा, एक टोक शिवा, दोन-अडीच किलो तांदूळ भरून दुसरं टोक बांधा : उत्तम सँडबॅग तयार. एक फोरएंडखाली (स्टॉकच्या पुढच्या भागाखाली), एक छोटी बटखाली (मागच्या टोकाखाली). बॅग बॅरलखाली किंवा सिलिंडरखाली येता कामा नये. त्यांच्यावर दाब आला की शॉट सरकतो आणि तुम्ही भलत्याच गोष्टीच्या मागे लागता.

दहा-दहा शॉटचे दोन ग्रुप कागदी टार्गेटवर मारा. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असलं तरी या चाचणीला कागदच घ्या, कारण मशीनची कागदी पट्टी अडकली तरी आकडे वेडेवाकडे येतात. चांगल्या मॅच बॅरलचं आणि जुळणाऱ्या पेलेटचं दहा शॉटचं एकत्र भोक बाहेरून बाहेर सहा मिलिमीटरच्या आत बसायला हवं. रायफलीसोबत कारखान्याचं टेस्ट कार्ड आलं असेल तर तेच शेजारी ठेवून ताडून बघा.

टेकून मारलं आणि ग्रुप झकास आला, तर रायफल निर्दोष आहे. मग पोझिशन, जॅकेटची पट्टी, खांद्याला टेकणाऱ्या बटप्लेटची उंची, गाल टेकायचा चीकपीस हे बघायचं, आणि ते काम प्रशिक्षकाचं. वाढत्या वयाच्या मुलांचं तर सहा महिन्यांत बटप्लेटचं माप बदलतं. रायफलीला दोष देण्याआधी मुलाची उंची मोजा.

आणखी एक गंमत. हाताने फिरवायच्या दोरीच्या टार्गेटवर पंख्याचा झोत येत असेल तर कार्ड मिलिमीटरभर डोलतं. जूनच्या उकाड्यात कुणीतरी स्टँडचा पंखा टार्गेटच्या बाजूला वळवतो आणि अख्ख्या लेनचे ग्रुप आडवे पसरतात. पंखा बंद करून पाच शॉट मारा, कळेल.

२. मॅनोमीटर (दाबाचा काटा)

बहुतेक सिलिंडर २०० बारचे असतात. रेग्युलेटर आतला दाब कमी करून ठरावीक दाब पुढे देतो, त्यामुळे सिलिंडर १८० वर असो की १०० वर, वेग सारखाच राहतो. मात्र सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या ठरलेल्या दाबाच्या जवळ आला की रेग्युलेटरच्या हातात काही उरत नाही, आणि शॉट एकाखाली एक उतरायला लागतात. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, मॅनोमीटरवरचा लाल पट्टाही त्याचसाठी. साधा नियम : ७० बार दिसले की भरा, मॅच असेल तर १०० च्या खाली सुरुवातच करू नका.

छोटे मॅनोमीटर दहा-पंधरा बार इकडेतिकडे दाखवू शकतात. क्लबच्या मोठ्या गेजशी एकदा ताडून बघा आणि फरक सिलिंडरवर चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

३. पेलेट

सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवा, कारण सगळ्यात जास्त दोष इथेच निघतात.

डब्यावर ४.४९, ४.५० किंवा ४.५१ असं डोक्याचं माप असतं. मिलिमीटरचा शंभरावा भाग ऐकायला काहीच वाटत नाही, पण बॅरलला तो कळतो. माप लहान पडलं तर पेलेट रायफलिंगमध्ये (नळीच्या आतल्या पिळाच्या खाचांत) घट्ट बसत नाही, हवा बाजूने निसटते आणि वेग शॉटागणिक बदलतो. मोठं पडलं तर आत ढकलताना डोकं किंवा स्कर्ट (मागची पोकळ, पातळ कड) दबतो. शिवाय एकाच कंपनीचं, एकाच मापाचं, पण वेगळ्या बॅचचं पेलेट तुमच्या बॅरलला सारखं लागेलच असं नाही. ५० मीटर रायफलचे नेमबाज .२२ च्या काडतुसांचे लॉट तपासून घेतात ते याचसाठी. ती काडतुसं रिमफायर असतात, कडेतच स्फोटक असल्यामुळे पुन्हा भरताही येत नाहीत. म्हणून चांगला लॉट सापडला की पेट्याच्या पेट्या उचलतात. आपणही तेच करायचं. डब्याच्या मागचा बॅच नंबर वहीत लिहा. ग्रुप बिघडला ती तारीख आणि नवा डबा उघडला ती तारीख एकच निघाली, तर पुढचं काही वाचू नका, जुन्या बॅचचा डबा शोधा.

आता डबा उघडा आणि दहा पेलेट पांढऱ्या कागदावर उभे करा, स्कर्ट खाली. खिडकीच्या उजेडात डोळ्याच्या पातळीवर आणून बघा. जो कलतो, त्याचा स्कर्ट वाकलाय. आता उलटे करून स्कर्टचं तोंड बघा : गोल हवं. चपटं, अंड्यासारखं किंवा एका बाजूला खोक पडलेलं दिसलं तर तोच तुमचा "भलतीकडचा" शॉट. डोंबिवलीहून लोकलने उभ्याने येताना बॅगेत डबा खडखडत येतो, आणि शिसं नखानेही दबतं. डब्याच्या झाकणाखाली फोमची चकती राहू द्या, अर्धा रिकामा डबा असेल तर वर कापूस भरा.

पेलेटवर पांढुरकी भुकटी दिसतेय? शिशाचा गंज. खाडीजवळच्या दमट हवेत डबा उघडा राहिला की तो धरतोच. असे पेलेट घासूनपुसून वापरायचा मोह होतो, सरावालाही नको. तो थर बॅरलमध्ये जातो, आणि बोटांवरून पोटातही. डबा झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी. आणि पेलेट हाताळून झाले की हात साबणाने धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही. शिसं शरीरात साठत जातं, लहान मुलांना त्याचा त्रास जास्त.

पेलेटला तेल लावू नका. कुणीही सांगितलं तरी.

४. स्क्रू

आठवड्यातून एकदा अ‍ॅलन कीचा सेट काढायचा आणि या क्रमाने जायचं : स्टॉक आणि अ‍ॅक्शन (रायफलीची मुख्य यंत्रणा) जोडणारे स्क्रू, मागच्या साइटचा क्लॅम्प, फोरसाइटचा (पुढच्या साइटचा) क्लॅम्प, बॅरलवरच्या नळकांड्याचा आणि वजनांचा स्क्रू, शेवटी चीकपीस आणि बटप्लेट. "आवळायचं" नाही, "सैल आहे का ते बघायचं". चावीच्या लांब बाजूने दोन बोटांनी हलकंसं फिरवा. हललं तर सैल होतं.

स्टॉकचे स्क्रू किती घट्ट हवेत तो आकडा मॅन्युअलमध्ये न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो. टॉर्क रेंच नसेल तर क्लबमधला एखादा मागून घ्या. जास्त आवळणं हे सैल सोडण्याइतकंच वाईट : अ‍ॅल्युमिनियमचे आटे घसरतात, लाकडी स्टॉक दबतो, आणि दर वेळी वेगळ्या ताकदीने आवळलं की ग्रुपची जागा दर वेळी सरकते. लाकडी स्टॉक पावसाळ्यात ओलावा धरून किंचित फुगतो आणि दिवाळीनंतर आक्रसतो. म्हणून लाकडी स्टॉकचे स्क्रू वर्षातून दोनदा तरी तपासावेच लागतात.

अ‍ॅलन की घासलेली असेल तर टाकून द्या. शंभर रुपयांच्या चावीपायी स्क्रूचं डोकं गोल करून घेऊ नका.

५. साइट

ग्रुप घट्ट आणि सरकलेला असेल तरच इथे वेळ घालवा. मागची साइट दोन बोटांत धरून वर-खाली, डावी-उजवी हलवा. अजिबात लचक नको. नंतर दहा क्लिक उजवीकडे, दहा परत डावीकडे, आणि टेकून पाच शॉट : ग्रुप जुन्या जागी यायला हवा. नाही आला तर आत खेळ आहे, आणि ते घरी उघडायचं काम नाही. फोरसाइटमधली रिंग सैल वाजते का ते कानाजवळ धरून हलवून बघा. आयरिसच्या (मागच्या साइटचं भोक लहानमोठं करणाऱ्या भागाच्या) काचेवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर समजा केस ओल्या जागी ठेवली जातेय.

६. बॅरल

मॅच बॅरलला फार स्वच्छता लागत नाही, पण अजिबातच नको असंही नाही. सर्वसाधारणपणे हजारेक शॉटनंतर फेल्टच्या गोळ्या पुरतात. चेंबरमध्ये एकामागे एक दोन किंवा तीन फेल्ट घालायचे, एकच नाही. एकटा फेल्ट फार हलका असतो, हवेला काही अडसरच मिळत नाही. नळी टार्गेटकडे, आणि मारा. पहिले काळे निघतील, तिसऱ्या-चौथ्या फेरीला करडे. तेवढं बास.

पितळी किंवा लोखंडी ब्रश नको. दोरीने ओढायचं असेल तर ब्रीचकडून तोंडाकडे. उलट दिशेने ओढलं की तोंडाची कडा, म्हणजे क्राउन, घासते. ती कडा एका बाजूने जरी झिजली तरी पेलेट सुटताना हवा एका बाजूने आधी निसटते आणि ग्रुप कायमचा जातो. साफसफाईनंतरचे पाच-दहा शॉट इकडेतिकडे जातील, तेवढ्यावरून निष्कर्ष नको.

खाडीकाठी राहणाऱ्यांनी बॅरलच्या बाहेरच्या बाजूला तेलाचं हलकं बोट जरूर फिरवावं. आत मात्र तेल राहू देऊ नका.

७. ब्रीचचं सील

चेंबर बंद होतो तिथे एक छोटी ओ-रिंग (रबराची गोल कडी) असते. ती झिजली, चिरली किंवा तिच्यावर शिशाचा कण बसला की दर शॉटला थोडी हवा मागे निसटते. चाचणी सोपी : टिश्यू पेपरची एक पदर असलेली, बोटभर रुंद पट्टी फाडा, ब्रीचच्या जोडावर सैल टाका, टेकून शॉट मारा. पट्टी जागची हलली नाही तर सील ठीक. फडफडली किंवा उडाली तर सील गेलंय. तीनदा करून बघा, पंखा बंद ठेवून.

आधी इअरबडने तिथला कचरा पुसून पुन्हा तपासा; अर्ध्या वेळा तेवढ्यावर भागतं. नाहीच, तर ओ-रिंग बदला. लाकडी टूथपिकने अलगद काढायची, सुईने नाही, कारण खाचेला ओरखडा पडला तर नवी रिंगही गळेल. नव्या रिंगेला सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात.

वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भ्याला हायड्रॉलिकच्या दुकानात तशीच दिसणारी ओ-रिंग दहा रुपयांत मिळते. दिसायला तशीच असली तरी जाडी एका दशांशाने वेगळी असते, रबराचा कडकपणाही वेगळा. ब्रीचला ती निदान जीवावर बेतणार नाही, फक्त लिव्हर जड होईल किंवा पुन्हा गळेल. पण सिलिंडरच्या, रेग्युलेटरच्या बाजूला बाजारातली रिंग कधीही नाही. तिथे २०० बार असतात. कारच्या टायरमध्ये दोन-अडीच असतात, त्यावरून अंदाज घ्या.

८. गळती : सिलिंडरची की रायफलीची?

भरल्याबरोबर दिसणारा आकडा खरा धरू नका. भरताना सिलिंडर तापतो. ४५ अंशांला २०० बार असलेला सिलिंडर २८ अंशांवर आला की आपोआप १८९ च्या आसपास येतो. हे दहा-अकरा बार म्हणजे गळती नव्हे. तासभर थांबा, मग नोंद करा.

आता सिलिंडर रायफलीवरून काढून रात्रभर वेगळा ठेवा. सकाळी आकडा तोच? मग गळती रायफलीच्या बाजूला. आकडा उतरला? मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह किंवा मॅनोमीटरचा जोड. मेणकापडावर सिलिंडर आडवा ठेवून व्हॉल्व्हच्या तोंडाशी साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाका आणि पूर्ण एक मिनिट बघत राहा. बारीक गळतीचा बुडबुडा हळूहळू फुगतो. नंतर लगेच कोरडं पुसा. सिलिंडर बादलीत बुडवू नका, मॅनोमीटरमध्ये पाणी जातं.

रायफलीच्या बाजूची गळती बरेचदा सिलिंडर जिथे फिरवून बसतो त्या तोंडाच्या रिंगेची असते. धूळ, केस, वाळूचा कण. कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा आणि पुन्हा रात्रभर बघा. त्यापुढे हात नको.

हातात सिलिंडर आहेच तर त्याच्यावरची तारीखही वाचून घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरवर उत्पादनाची तारीख किंवा वैधता कोरलेली असते. साधारणपणे मुदत १० वर्षांची. सेकंडहँड रायफल घेताना लोक बॅरल बघतात आणि सिलिंडर बघत नाहीत. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांत सिलिंडर मुदतीत असण्याची जबाबदारी नेमबाजाचीच आहे. मुदत संपलेला सिलिंडर "अजून चांगला धरतोय" म्हणून भरायचा नाही.

९. पाणी

आपल्या भागातला खास आजार, आणि "रेग्युलेटर गेला" असं ज्याला म्हणतात त्याचं मूळ बरेचदा हेच.

जुलैत हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के धरा. अशा एका घनमीटर हवेत साधारण २५ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. ०.२ लिटरचा सिलिंडर ७० वरून २०० बारला न्यायचा तर बाहेरची सुमारे २६ लिटर हवा आत दाबावी लागते. म्हणजे प्रत्येक भरणीला पंपात ०.६५ ग्रॅमच्या आसपास, दहा-बारा थेंब पाणी ओढलं जातं. हवा इतकी दाबली की तिला ही वाफ धरून ठेवता येत नाही, ती पाणी होऊन खाली बसते. काही पंपात राहतं, काही सिलिंडरमध्ये. आठवड्याला तीन भरण्या, चार महिने पावसाळा. रेग्युलेटरच्या आत इवल्याशा स्प्रिंगा आणि पिस्टन असतात, त्यांच्यावर गंज धरायला एवढं पुष्कळ झालं.

उपाय महागडे नाहीत. पंप एसी चालू असलेल्या खोलीत मारा, एसी अर्धा तास आधी लावून. २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरला ११ ग्रॅमच्या आतच पाणी असतं, निम्म्याहून कमी. बाल्कनीत मारू नका, पावसात तर नाहीच. पाच मिनिटं पंप, दहा मिनिटं विश्रांती, आणि दर विश्रांतीला ब्लीड स्क्रू उघडून पंपातलं पाणी बाहेर. पंपाला सुकवणारी कांडी असेल तर तिचे दाणे रंग बदलले की बदला. सगळ्यात चांगलं म्हणजे डायव्हिंगच्या दर्जाची, फिल्टर केलेली कोरडी हवा मोठ्या टाकीतून घेणं. चारपाच पालकांनी मिळून टाकी ठेवली तर परवडतं. टाकीच्या खांद्यावरची चाचणीची तारीख बघूनच भरा.

आत पाणी आहे का ते बघायचं तर सिलिंडर जवळपास रिकामा झाल्यावर कंपनीच्याच हवा सोडायच्या स्क्रूने अगदी हळू हवा काळ्या कागदावर सोडा. कागदावर ओल उमटली तर आत पाणी आहे. सिलिंडरच्या बाहेर जमलेलं दव यात धरू नका; हवा सुटताना धातू गार होतो आणि खोलीतली वाफ त्याच्यावर बसते.

दोन गोष्टी स्पष्ट. ऑक्सिजन कधीही भरायचा नाही, एमआयडीसीत कुणी कितीही सहज देत असलं तरी : दाबाखालचा ऑक्सिजन आणि ग्रीसचा अंश भेटले की स्फोट होतो. आणि हवेच्या मार्गात कुठेही शिवणयंत्राचं तेल, गाडीचं ग्रीस, गंज सोडवायचा स्प्रे मारायचा नाही. दाबल्या जाणाऱ्या हवेत पेट्रोलियम तेल पेट घेऊ शकतं.

१०. वेग मोजा

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि ग्रुप अजून वाईट आहे, तर क्रोनोग्राफ (पेलेटचा वेग मोजायचं यंत्र) मागून आणा. सिलिंडर १५० च्या पुढे, एकाच बॅचचे वीस पेलेट, टेकून, सगळे आकडे लिहायचे. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत ३ मीटर प्रति सेकंदाच्या आत फरक : रायफल तब्येतीत. ६ च्या पुढे : दोष नक्की. उजेडाच्या सेन्सरचे क्रोनोग्राफ ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीच्या लुकलुकण्याने खोटे आकडे देतात. मधेच २४० दिसलं तर रायफल नव्हे, दिवा बघा.

मग थांबून मारायची चाचणी : पाच शॉट सलग, दहा मिनिटं हात न लावता थांबा, पुन्हा एक शॉट. असं तीनदा. थांबल्यानंतरचा शॉट दर वेळी ठळकपणे वेगवान आला तर रेग्युलेटर बंद होऊनही हवा झिरपवतोय. आता त्याच्यावर आरोप ठेवायला हरकत नाही.

इथे थांबायचं

रेग्युलेटर, मुख्य व्हॉल्व्ह, सिलिंडरचा व्हॉल्व्ह, ट्रिगरचा आतला भाग, बॅरलचा क्राउन : यांतलं काहीही घरी उघडायचं नाही. व्हिडिओ बघून तर नाहीच. पहिल्या तिघांत दाब अडकलेला असू शकतो आणि सुटलेला स्क्रू गोळीसारखा उडतो. ट्रिगर चुकीचा बसला तर रायफल लोड करतानाच सुटू शकते. सिलिंडर पडला, त्याला खोक पडली किंवा आटे खराब झाले तर दुरुस्ती नाही, बदलच.

वेगाच्या स्क्रूलाही हात नको. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ०.१७७ इंचापर्यंतचा बोअर आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा ही विनापरवाना एअर रायफलची हद्द आहे. मॅच रायफल साधारण साडेसात-आठ ज्यूलवर चालते, म्हणजे हद्द लांब आहे. पण जास्त वेगाने ग्रुप सुधारत नाही, उलट बॅरल आणि पेलेटचा जमलेला मेळ मोडतो.

रायफल तंत्रज्ञाकडे नेताना सोबत द्या : टेकून मारलेली दोन टार्गेट, वीस वेगांची यादी, थांबून मारलेल्या शॉटचे आकडे, पेलेटची बॅच, रात्रभरच्या दाबाची नोंद, आणि हवा कुठून भरता तेही. पंपाने भरत असाल तर लपवू नका, तो पहिलं तेच विचारणार. सिलिंडर काढून वेगळा गुंडाळा, केसमधला फोम ओला असेल तर आधी वाळवा, आणि नेहमीच्या पेलेटचा अर्धा डबा सोबत ठेवा, म्हणजे दुरुस्तीनंतर तो त्याच पेलेटवर तपासेल.